जोंगा, पिंजरा आणि कलम ५२

जबलपूरचे नाव अंगावर घेऊन फिरणारी एक मोटारगाडी आहे. 'जोंगा' हा शब्द कानाला एखाद्या परदेशी नदीसारखा लागतो. प्रत्यक्षात 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' या इंग्रजी नावातील अक्षरे जुळवून तो तयार झाला आहे. जपानच्या निसान कंपनीच्या 'पॅट्रोल' या गाडीचा आराखडा परवान्यावर घेऊन लष्करासाठी ती जबलपूरला बनू लागली. तोफांचे गाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी येथे १९०४ पासून होतीच. १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली आणि १९९९ पर्यंत जोंगा तयार होत राहिली. सहा सिलिंडरचे, सुमारे चार लिटरचे पेट्रोल इंजिन, चारही चाकांना जोर, जाड पत्रा आणि वर कॅनव्हासचा हुड, असे तिचे रूप. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे सात कंपन्यांत रूपांतर झाले, तेव्हा व्हेईकल फॅक्टरी अवाडीला मुख्यालय असलेल्या आर्मर्ड व्हेईकल्स निगमकडे गेली. जोंगा मात्र त्याआधीच लष्करातून निवृत्त होऊन लिलावांतून नागरिकांच्या अंगणात पोहोचली होती. २०१९ मध्ये महेंद्रसिंग धोनीने अशीच एक जुनी जोंगा घेतल्यावर नव्या पिढीलाही तिचे नाव कळले.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना जबलपूर परके वाटण्याचे कारण नाही. १९५६ पर्यंत हे शहर नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होते, आणि कारखान्यांच्या नोकरीमुळे येथे आलेली मराठी कुटुंबे तीन-तीन पिढ्या इथलीच झाली आहेत. घरात मराठी, अंगणात हिंदी आणि हिशेब फॅक्टरीच्या इंग्रजीत, असा त्यांचा व्यवहार असतो. माझी येथे बदली झाली तेव्हा अशाच एका घराचा मला आधार मिळाला. ते घर माझ्या थोरल्या मावसभावाचे. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. निवृत्तीनंतर त्यांनी लष्कराच्या लिलावातून आलेली एक जोंगा दुसऱ्या हाताने विकत घेतली, तिची कागदपत्रे रीतसर करून घेतली आणि दोन वर्षे खपून ती रस्त्यावर आणली.

या गाडीत अण्णांना रोल केज बसवायची होती. सुट्टीत मुलगा, सून आणि दोन नातवंडे येतात. सगळ्यांना घेऊन जोंगातून मंडल्यामार्गे कान्हाला जायचे, हा त्यांचा बेत. पण गाडीच्या डोक्यावर कॅनव्हासखेरीज काही नाही. गाडी उलटली तर वरून काय येईल, हा विचार त्यांना झोपू देत नव्हता. रांझीच्या बाजूला जुन्या जीपगाड्यांची कामे करणारा एक कारागीर त्यांना माहीत होता. त्यांनी मला विचारले ते अभियांत्रिकीविषयी नव्हे. "तू सरकारात आहेस," ते म्हणाले, "परवानगी कोणाची घ्यायची तेवढे सांग."

साधा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना प्रशासनाविषयीच काही गोष्टी माझ्यापुढे स्पष्ट झाल्या, म्हणून हा लेख.

प्रथम ही केज म्हणजे काय ते पाहू. मोटारशर्यतीत गाडी उलटली तरी चालकाभोवतीची जागा चेपू नये म्हणून आतल्या बाजूने पोलादी नळ्यांचा सांगाडा बसवतात. पुढच्या आसनांच्या मागे एक मोठी कमान, काचेच्या खांबांना धरून पुढच्या कमानी, छताखालून त्यांना जोडणाऱ्या आडव्या नळ्या, मागे तिरके टेकू आणि एक कर्ण, असे तिचे सर्वसाधारण रूप असते. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने, म्हणजे एफआयएने, शर्यतीच्या गाड्यांसाठी तिचे तपशील ठरवून दिले आहेत. मुख्य कमानीची नळी थंड ओढलेली आणि बिनजोडाची म्हणजे सीमलेस हवी. बाहेरचा व्यास ४५ मिलिमीटर आणि जाडी २.५ मिलिमीटर, किंवा ५० आणि २. नळी वाकवताना वळणाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी, नाहीतर नळी चपटी होते आणि नेमकी तेथेच मोडते. प्रत्येक पाय जिथे टेकतो तिथे पत्र्याला किमान ३ मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी जोडून तीन बोल्ट घालायचे.

पट्टीचा हा नियम क्षुल्लक वाटतो, पण त्यात मर्म आहे. गाडी उलटल्यावर तिचे सारे वजन त्या चार-सहा पायांवर येते. गाडीचा तळ जुन्या, गंजलेल्या पत्र्याचा असेल आणि नळी त्यावर नुसती डागलेली असेल, तर ती सुईसारखी पत्र्यातून खाली निघून जाते. केज शाबूत राहते आणि छत मात्र खाली येते. भार मोठ्या जागेवर पसरवणे हे पट्टीचे काम आहे.

आता बाजारात काय होते ते सांगतो. अण्णांबरोबर मी त्या कारागिराकडे गेलो. माणूस हाताचा कसबी होता. त्याने पूर्वी बसवलेल्या दोन केज आम्हाला दाखवल्या. एक जाड सीमलेस नळीची होती. दुसरी नळकामाच्या जस्ताचा मुलामा दिलेल्या, जोडाच्या नळीची होती, कारण त्या गिऱ्हाइकाला 'लुक' हवा होता आणि खर्च नको होता. जस्ताच्या मुलाम्यावर वेल्डिंग केले तर विषारी धूर होतो आणि टाकाही कच्चा राहतो, हे तो स्वतःच म्हणाला. दोन्हींवर काळा रंग चढवलेला होता. रंगाखाली कोणती नळी आहे आणि टाका किती खोल गेला आहे, हे मला कळणे शक्य नव्हते; आयुष्य कारखान्यात घालवलेल्या अण्णांनाही ते नुसते पाहून सांगता येईना.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० चा जुन्या मोटारींच्या बाजारावरील निबंध आठवणे अपरिहार्य आहे. विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगल्या मालाला चांगला भाव मिळत नाही आणि हळूहळू वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो. या कारागिराचे दुःख हेच होते. पक्के काम करायला तो तयार होता, पण पक्क्या कामाचा पुरावा देण्याचे कोणतेही साधन त्याच्याजवळ नव्हते. शेजारचा अर्ध्या पैशात तीच काळी नळी बसवून देत होता.

तरी केजसंबंधीचा सर्वांत मोलाचा प्रश्न ना कारागिराने विचारला, ना अण्णांनी, ना मी. तो अण्णांच्या सूनबाईंनी फोनवर विचारला. "अण्णा, मुलं हेल्मेट घालून बसणार आहेत का?"

शर्यतीचा चालक हेल्मेट घालतो आणि अनेक पदरी पट्ट्यांनी आसनाला जखडलेला असतो. त्याचे डोके नळीवर आपटत नाही, आणि आपटलेच तर हेल्मेट आहे. कुटुंबाच्या गाडीत यांतले काहीच नसते. अण्णांच्या जोंगात मागे समोरासमोर दोन आडवी बाके आहेत आणि त्यांना पट्टे नाहीत. गाडी उलटली तर केज छत वर धरून ठेवील, पण आत मुले मोकळी असतील आणि त्यांच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर पोलादी नळी असेल. केज माणसासाठी जागा राखते. माणसाला त्या जागेत राखण्याचे काम पट्टा करतो. पट्ट्याशिवाय केज म्हणजे खोलीच्या भिंती पक्क्या करून आत काचसामान मोकळे सोडण्यासारखे आहे. नळीवर एसीच्या पाइपांचा काळा मऊ फोम गुंडाळून भागत नाही. डोक्याचा आघात झेलणारा घट्ट, खास बनावटीचा फोम वेगळा असतो.

आणखी एक हिशेब मी घरी बसून केला. ४५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २.५ मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळीचे वजन मीटरला सुमारे २.६ किलो भरते. साध्या केजला १८ ते २० मीटर नळी लागते, म्हणजे ५० किलोच्या आसपास वजन वाढले, आणि त्यातले बरेचसे कमरेच्या वर. गाडीची उलटण्याची प्रवृत्ती मोजण्याचा एक सोपा निर्देशांक आहे: डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. उत्तर जितके लहान तितकी गाडी उलटायला सोपी. केजमुळे गुरुत्वमध्य थोडा का होईना वर सरकतो. म्हणजे उलटल्यावर वाचवणारी वस्तू उलटण्याची शक्यता किंचित वाढवते. त्यात 'आता केज आहे' म्हणून चालक वळणावर पाच-दहा किलोमीटर वेग वाढवू लागला तर हिशेब पूर्णच फिरतो. सुरक्षासाधने वाढली की माणसे अधिक धोका पत्करतात, असे प्रतिपादन सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये मोटारींच्याच संदर्भात केले होते. त्याचे प्रमाण किती यावर पुढे पुष्कळ वाद झाला. प्रवृत्ती मात्र आपण सगळे ओळखतो.

नव्या गाड्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्यांच्या खांबांत आणि छताच्या कडेला एअरबॅग असू शकतात; त्यांच्या वाटेत नळी आली तर त्या उघडायच्या तशा उघडत नाहीत. २०२० च्या महिंद्र थारला कारखान्यातूनच रोल केज मिळाली आणि त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत त्या गाडीला चार तारे मिळाले. पण तेथे केज, पट्टे, आसने आणि एअरबॅग यांचा विचार आराखड्याच्या कागदावर एकत्र झाला होता. अंगणातल्या गाडीत मागाहून बसवलेल्या केजला हे भाग्य नसते. तेव्हा एअरबॅग असलेल्या आधुनिक कौटुंबिक गाडीत बाहेरून केज बसवू नये, हे माझे स्पष्ट मत झाले. प्रश्न उरतो तो जोंगासारख्या, कॅनव्हासच्या छताच्या जुन्या गाड्यांचा. त्यांना केजचा खरा उपयोग आहे, अट इतकीच की ती पट्ट्यांसह आणि नीट बसवलेली असावी.

आता अण्णांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. परवानगी कोणाची?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ५२ वाहनातील बदलांविषयी आहे. मूळ कलमाची रचना आज वाचताना आश्चर्य वाटते. मालकाने बदलाची सूचना नोंदणी प्राधिकाऱ्याला द्यायची. प्राधिकाऱ्याने सात दिवसांत होकार किंवा नकार कळवायचा. सात दिवसांत काहीच कळवले नाही तर होकार मिळाला असे मानायचे. आणि जोडसामान लावल्याने किंवा काढल्याने गाडीचे वजन दोन टक्क्यांपर्यंत बदलत असेल तर परवानगीचीही गरज नाही. दोन टनांच्या गाडीला दोन टक्के म्हणजे ४० किलो. अण्णांची केज त्याहून थोडी जड, म्हणजे सूचना द्यावी लागली असती आणि आठवड्यात उत्तर मिळाले असते.

२००० च्या दुरुस्तीने हे चित्र पालटले. निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत होतील असा बदल मालकाने करू नये, असे कलम आले. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात याच तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या रूपात आणले: नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने गाड्यांपुढे लावल्या जाणाऱ्या लोखंडी बुलबारही कलम ५२ च्या विरुद्ध असल्याचे राज्यांना कळवले होते.

या कठोरपणामागे कारणे आहेत आणि ती मला मान्य आहेत. बुलबार पादचाऱ्याचा जीव घेऊ शकतो. छत कापून, चाके रुंद करून, मनाला येईल तसे आसन वाढवून रस्त्यावर आलेल्या गाड्या इतरांना धोकादायक असतात. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. अपघातांच्या संख्येत त्या वर्षी मध्य प्रदेश राज्यांमध्ये दुसऱ्या क्रमांकावर होते. अशा देशात प्रत्येक मालकाला अभियंता मानता येत नाही.

पण आतल्या केजला वरील कलम लागते का? नोंदणी प्रमाणपत्रात गाडीचे रिकामे वजन असते, आसनसंख्या असते, बांधणीचा प्रकार असतो. केजने वजन बदलते. लांबी, रुंदी, आसने बदलत नाहीत. दोन समंजस माणसे येथे दोन मते देऊ शकतील. आणि शंका असली की प्रशासनात काय होते, हे मी तीस वर्षे पाहत आलो आहे.

मी स्वतःला त्या खुर्चीत बसवून पाहिले. अण्णांचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी काय टिपण लिहिले असते? 'प्रस्तावित बदल कलम ५२ च्या तरतुदींशी सुसंगत दिसत नाही, सबब अर्ज अमान्य.' दोन ओळींत फाइल बंद. होकार लिहायचा तर मला नळीची जाडी, टाक्याची प्रत, पट्टीचे क्षेत्रफळ यांविषयी काही प्रमाण हाताशी हवे, ते नाही. उद्या त्या गाडीला अपघात झाला तर चौकशीत पहिला प्रश्न असेल, परवानगी कोणी दिली? परवानगी नाकारल्यामुळे केज न बसवलेल्या गाडीत कोणी दगावले, तर नकार कोणी दिला हे कोणीही विचारणार नाही. होकाराखाली अधिकाऱ्याची सही असते. नकाराला कायद्याचे कलम पुरते. ही विषमता कोणा एका अधिकाऱ्याच्या भित्रेपणातून येत नाही, ती रचनेतूनच येते. अशा रचनेत सावध आणि प्रामाणिक अधिकारीही नकारच लिहील.

कारागिराला हे शास्त्र माझ्याहून आधी कळले होते. "साहब, कागज पे मत पूछिए," तो म्हणाला, "पूछेंगे तो ना ही आएगा."

हे वाक्य मला फार अस्वस्थ करून गेले. त्याचा अर्थ असा की जो विचारील त्याला नकार आणि जो विचारणार नाही त्याला केज. विचारणारा माणूस बहुधा तोच असतो जो नळीची जाडीही विचारतो. न विचारणाऱ्याला 'लुक' हवा असतो. म्हणजे मनाईमुळे केज बसवणे थांबले नाही. थांबली ती तपासणी. लपून झालेल्या कामाची विमा कंपनीला कल्पना नसते, आणि न कळवलेला बदल दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो. पुढे गाडी विकली गेली की नव्या मालकाला काळ्या रंगाखाली काय आहे ते कोणीच सांगत नाही.

दुसरी विसंगती याहून बोचरी आहे. पट्टा बांधण्याविषयीचा केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतील नियम १३८ चालकाविषयी, पुढच्या आसनाविषयी आणि मागे 'पुढे तोंड करून' असलेल्या आसनांविषयी बोलतो. समोरासमोरच्या आडव्या बाकांवर बसलेल्या मुलांपर्यंत तो नियम पोहोचतच नाही. २०२२ मध्ये पट्टा न बांधल्यामुळे १६,७१५ माणसे दगावली, आणि त्यांतील ८,३३१ चालक नव्हते, प्रवासी होते. म्हणजे डोक्यावर नळी बसवली तर मालक गुन्हेगार ठरू शकतो, पण तिच्याखाली दोन मुले आडव्या बाकावर मोकळी बसवली तर या नियमाला काही म्हणायचे नसते.

वाट काढणे आपल्या प्रशासनाला येत नाही, असे मात्र नाही. सीएनजीचे उदाहरण घ्या. पेट्रोलच्या गाडीत दाबाखालील वायूची टाकी बसवणे हा केजहून कितीतरी धोकादायक बदल आहे. तरी कायद्याने त्याला वाट दिली: मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासलेले किट, अधिकृत कार्यशाळा, नोंदणी प्रमाणपत्रात नोंद, टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी. लक्षावधी गाड्या या वाटेने गेल्या. अपंग व्यक्तींसाठी गाडीत बदल करून घेण्याची मुभा २०१९ च्या दुरुस्तीने नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेवर दिली. बॉयलरवर काम करणाऱ्या वेल्डरची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची पद्धत तर १९५० च्या बॉयलर विनियमांनी घालून दिली. वेल्डिंगचा टाका पारखता येतो, पारखणाऱ्याला जबाबदार धरता येते, हे आपल्याला पाऊण शतक ठाऊक आहे.

वाचकांपैकी जे ऑस्ट्रेलियात आहेत त्यांना माहीत असेल की तेथे वाहनांतील बदलांसाठी राष्ट्रीय संहिता आहे आणि मोठ्या बदलाला राज्याने मान्यता दिलेला अभियंता प्रमाणपत्र देतो. जर्मनीतील वाचकांना टीयूव्हीच्या तपासणीचा अनुभव असेल. तेथे केज बसवणे सोपे नाही, स्वस्तही नाही. पण विचारणाऱ्याला उत्तर मिळते, आणि उत्तर देणाऱ्याच्या हाती मोजपट्टी असते.

आपल्याकडे दार अर्धे उघडलेलेही आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ५२ ला एक परंतुक जोडले: बदलांचे विनिर्देश, मंजुरीच्या अटी आणि मागाहून बसवायच्या साधनांविषयीच्या बाबी केंद्र सरकार विहित करू शकेल. अण्णांसारख्या मालकाला मात्र त्यातून अद्याप वाट मिळालेली नाही. ती काढायला नवा कायदा लागणार नाही, नियम पुरेल. मी तो असा लिहीन.

पहिले, ही मुभा केवळ एअरबॅग नसलेल्या आणि पक्के छत नसलेल्या जुन्या गाड्यांना असावी. दुसरे, नळीचा प्रकार, व्यास, जाडी, पायाखालची पट्टी आणि फोम यांचे किमान प्रमाण पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने ठरवावे. शर्यतीचे तपशील आयते आहेत, ते कौटुंबिक वापराला जुळवून घ्यायचे. तिसरे, केजची परवानगी पट्ट्यांशी जोडावी. गाडीतील प्रत्येक आसन पुढे तोंड करून आणि पट्ट्यासह नसेल तर केज नाही. चौथे, रंग देण्यापूर्वी प्रत्येक टाका मान्यताप्राप्त अभियंत्याने पाहावा आणि केजवर त्याचा क्रमांक ठोकावा. जबलपूरसारख्या शहरात, जिथे १९४७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि घराघरात कारखान्यातून निवृत्त झालेला तंत्रज्ञ आहे, तिथे अशी माणसे मिळणे अवघड नाही. पाचवे, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला येतेच. तेव्हा केजही तपासावी. आणि सहावे, अर्जाला मुदत असावी, नकार द्यायचा तर कारणासह. १९८८ च्या कायद्याने हे सात दिवसांत होईल असे मानले होते. आज तीस दिवस द्या, पण द्या.

यात सरकारचा खर्च फारसा नाही, कारण तपासणीचे शुल्क मालक देईल. लाभ कारागिरालाही आहे. क्रमांक ठोकलेल्या कामाला भाव मिळू लागला की जस्ताच्या नळीचे दुकान आपोआप मागे पडेल.

अण्णांना मी काय सल्ला दिला, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. मी त्यांना सांगितले की आजच्या कायद्यात लेखी होकार मिळण्याचा मार्ग मला दिसत नाही, आणि लपून करा असे मी सांगणार नाही. ते माझ्यावर रागावले. "नातवंडं माझी, आणि कलम तुझं," असे म्हणाले. त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दोन दिवसांनी त्यांनी पुढच्या दोन आसनांना चांगले तीन बिंदूंचे पट्टे लावून घेतले. त्याने प्रमाणपत्रातला कोणताही तपशील बदलत नाही. कान्हाला सगळे जण पट्टे असलेल्या बंद गाडीतून गेले. जोंगा आता रविवारी सकाळी भेडाघाटच्या रस्त्यावर निघते, मागची बाके रिकामी आणि काटा चाळिसाच्या आत.

म्हणजे या एका घरी निर्णय बरा झाला. पण तो कायद्याने घडवला नाही. एका सूनबाईच्या प्रश्नाने आणि एका हट्टी म्हाताऱ्याच्या समंजसपणाने घडवला. प्रत्येक घरात असा प्रश्न विचारणारे कोणी असेलच असे धरून नियम करता येत नाहीत. नियम त्या घरांसाठी करायचे असतात जिथे तो प्रश्न कोणी विचारत नाही, आणि तो प्रश्न अर्जाच्या नमुन्यात आधीच छापलेला असला पाहिजे: गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला पट्टा आहे का?